मुलांच्या दाढेवरचं सीलंट निघून का जातं? मधल्या 'बाँडिंग एजंट'ने खरंच फरक पडतो का?

सहा-सात वर्षांच्या मुलाचा पुढचा दात पडला की घरात त्याची चर्चा होते. बोळक्या हसण्याचे फोटो निघतात, स्टेटसला लागतात. पण त्याच सुमारास तोंडात अगदी मागे, एकही दात न पडता, गुपचूप एक नवी दाढ येते. तिचा फोटो कुणी काढत नाही. बऱ्याच घरांत तर ती आल्याचं कळतही नाही.

गंमत म्हणजे ही दाढ दुधाची नसते. ती कायमची असते. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, वर दोन आणि खाली दोन, अशा या चार दाढा साधारण सहाव्या वर्षी येतात. पुढची साठ-सत्तर वर्षं भाकरी चावायचं काम याच दाढांना करायचं असतं. आणि मुलांच्या तोंडात सगळ्यात आधी किडणाऱ्या कायमच्या दातांमध्येही याच दाढांचा नंबर वरचा असतो. "दुधाचीच असेल, पडेल की" असं म्हणून दुर्लक्ष होतं आणि दोन-तीन वर्षांत सिमेंट भरायची, नाहीतर रूट कॅनॉलची वेळ येते.

हे टाळण्यासाठी दातांचे डॉक्टर 'सीलंट' लावतात. पण अनेक पालकांची तक्रार असते की सीलंट लावलं आणि सहा महिन्यांत निघून गेलं. मग पैसे पाण्यात गेले का? सीलंट टिकतं कशामुळे आणि निघतं कशामुळे? आणि हल्ली काही डॉक्टर सीलंटच्या आधी 'बाँडिंग एजंट' नावाचं एक द्रव लावतात, त्याने काय होतं? एकेक करून समजून घेऊया.

दाढेवर सीलंट लावायचंच कशाला?

दाढेचा वरचा भाग सपाट नसतो. तिथे डोंगर-दऱ्यांसारख्या खाचा आणि खड्डे असतात. काही खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा एक केससुद्धा आत जात नाही. म्हणजे मूल दोन वेळा नीट ब्रश करत असलं तरी खाचेचा तळ साफ होत नाही.

आता सांगलीतल्या मुलांचा खाऊ आठवा. चार वाजता भडंग, येता-जाता तासगावचे बेदाणे, हिवाळ्यात चिक्की, जेवणात गूळ आणि वर दुकानातली बिस्किटं-चॉकलेटं. यातलं जे जे चिकट किंवा पिठाळ, ते खाचेत जाऊन बसतं. तोंडातले जंतू त्यातल्या साखरेवर आणि पिठावर जगतात, ॲसिड तयार करतात आणि त्या ॲसिडने दाताचं कडक आवरण, म्हणजे इनॅमल, विरघळायला लागतं. याला आपण 'कीड' म्हणतो, पण आत कुठलाही किडा नसतो. कानातून किंवा दातातून किडा काढून दाखवणारे लोक गावोगावी भेटतात, तो निव्वळ हातचलाखीचा खेळ असतो.

अमेरिकेची आरोग्य संस्था सीडीसी सांगते की मुलांच्या कायमच्या दातांत होणाऱ्या दर १० किडींपैकी ९ मागच्या दातांत होतात. भारतातलं चित्रही चांगलं नाही. २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात १२ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५४ टक्के मुलांच्या दातांना कीड आढळली होती. १५ वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण ६३ टक्के होतं.

सीलंट म्हणजे या खाचा बुजवणारा पातळ रेझिनचा थर. दात कोरायचा नाही, इंजेक्शन द्यायचं नाही. खाच वरून बंद केली की अन्न आत जात नाही आणि जंतूंची रसद तुटते. सीडीसीच्याच माहितीनुसार सीलंटमुळे मागच्या दातांतल्या ८० टक्के किडी पहिली दोन वर्षं टळतात. अर्थात, सीलंट जागेवर असेल तर. सगळा खेळ त्या 'जागेवर असेल तर'चा आहे.

इतक्या गुळगुळीत दातावर ते चिकटतं कसं?

यासाठी पंक्चरवाल्याचं दुकान डोळ्यासमोर आणा. तो ट्यूबवर थेट पॅच चिकटवत नाही. आधी ती जागा घासून खरखरीत करतो. मग सोल्यूशन लावतो, ते जरा सुकू देतो आणि मग पॅच दाबतो. ट्यूब ओली राहिली तर पॅच काही अंतर जाऊन सुटतो.

दातावरही जवळपास हेच होतं. फक्त घासायचं काम ॲसिड करतं. डॉक्टर दाढ साफ करून त्यावर साधारण ३५ ते ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडची जेल १५ ते ३० सेकंद ठेवतात. याला एचिंग म्हणतात. जेल धुऊन दात वाळवला की तेवढा भाग खडूसारखा पांढरा दिसतो. तिथल्या इनॅमलमध्ये डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झालेली असतात. पातळ रेझिन या छिद्रांत शिरतं, वरून निळा लाइट धरला की ते कडक होतं आणि झाडाच्या मुळांसारखं इनॅमलमध्ये अडकून बसतं.

ही युक्ती अमेरिकेतल्या रोचेस्टरचे संशोधक मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये मांडली. रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत धातूच्या पृष्ठभागावर आधी फॉस्फोरिक ॲसिडची प्रक्रिया करतात, हे त्यांना माहीत होतं. तेच त्यांनी दातावर करून पाहिलं. आज दाताला दातासारख्याच रंगाचं सिमेंट चिकटतं, ब्रेसेसचे ब्रॅकेट चिकटतात, यामागे हाच शोध आहे.

'ॲसिड' हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. यात इनॅमलचा मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाइतका थर जातो. जो भाग सीलंटखाली झाकला जात नाही, तो लाळेतल्या खनिजांमुळे हळूहळू पूर्ववत होतो.

मग सीलंट निघतं का?

एका शब्दात उत्तर द्यायचं तर लाळेमुळे.

एचिंग झालेला दात कोरडा राहिला तरच रेझिन छिद्रांत शिरतं. पण समोर सहा वर्षांचं मूल असतं. ते जीभ हलवतं, गिळतं, मध्येच तोंड मिटतं, "झालं का?" विचारतं. तेवढ्यात एचिंग केलेल्या जागेवर लाळ आली की लाळेतली प्रथिनं काही सेकंदांत छिद्रांवर पातळ थर चढवतात. हा थर नुसत्या पाण्याने नीट जात नाही. म्हणून लाळ लागली तर पुन्हा एचिंग करावं लागतं. ते केलं नाही, तर वरून सीलंट बसल्यासारखं दिसतं, पण खाली पकड नसते. असं सीलंट मग एखाद्या चिक्कीसोबत निघून येतं.

यात आणखी एक अडचण आहे. सीलंटची खरी गरज दाढ नुकतीच येते तेव्हा असते आणि दाढ कोरडी ठेवणं नेमकं तेव्हाच सगळ्यात कठीण असतं. अर्धी दाढ अजून हिरडीखाली असते आणि हिरडीची कड खाचेवर आलेली असते. थांबावं तर कीड लागायची भीती, लगेच लावावं तर सीलंट निघायची भीती.

सगळ्या जागाही सारख्या नसतात. दाढेच्या माथ्यावरचं सीलंट त्यातल्या त्यात टिकतं. खालच्या दाढेच्या गालाकडच्या बाजूला एक छोटा खड्डा असतो, वरच्या दाढेला टाळूकडे एक खाच असते. तिथलं सीलंट लवकर निघतं.

बाँडिंग एजंट नेमकं काय करतो?

पंक्चरच्या उदाहरणातलं 'सोल्यूशन' म्हणजे बाँडिंग एजंट. एचिंग आणि सीलंट यांच्या मधला हा थर.

नेहमीचं सीलंट पाण्याशी फटकून वागतं. ओलावा दिसला की ते पसरत नाही. बाँडिंग एजंटमध्ये मात्र पाण्याशी जुळवून घेणारे घटक असतात आणि ते अल्कोहोल किंवा ॲसिटोनसारख्या उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेले असतात. दातावर लावल्यावर हे मिश्रण उरल्यासुरल्या ओलाव्यातून वाट काढत छिद्रांत शिरतं. मग डॉक्टर हवेचा हलका झोत मारतात, तेव्हा तो द्रव पाण्याला सोबत घेऊन उडून जातो आणि रेझिन मागे राहतं. हे रेझिन सीलंटपेक्षा पातळ असल्यामुळे खोलवर पोचतं, आणि वरून येणाऱ्या सीलंटला पकडायला तयार पृष्ठभाग मिळतो.

हवेचा झोत नीट मारला नाही, तर तो द्रव आतच अडकतो आणि पकड उलट कमजोर होते. सोल्यूशन ओलं असतानाच पॅच दाबला तर जे होतं, तेच.

संशोधन काय सांगतं?

या विषयावर सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते रॉबर्ट फायगल यांचं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आधी प्रयोगशाळेत आणि मग मुलांच्या तोंडात हे तपासलं. लाळ लागलेल्या इनॅमलवरही मध्ये बाँडिंग एजंट असेल तर सीलंट टिकू शकतं, असं त्यांना दिसलं.

पुढे २००० मध्ये त्यांच्या गटाचा १६५ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यात मुलांच्या दाढा पाच वर्षांपर्यंत तपासल्या होत्या. एकाच बाटलीत येणारा बाँडिंग एजंट वापरला, तेव्हा दाढेच्या माथ्यावरचं सीलंट निकामी होण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला. गालाकडच्या आणि टाळूकडच्या बाजूंना, म्हणजे जिथे सीलंट सगळ्यात लवकर निघतं तिथे, हा धोका साधारण एक तृतीयांशच राहिला.

पण याच अभ्यासात दोन बाटल्यांचा एक वेगळा बाँडिंग एजंटही तपासला होता. त्याने माथ्यावरच्या सीलंटचा फायदा होण्याऐवजी तोटाच झाला. म्हणजे 'बाँडिंग एजंट लावला' एवढं पुरेसं नाही, कोणता लावला हेही बघावं लागतं.

सगळेच अभ्यास बाँडिंगच्या बाजूने नाहीत. १९९३ च्या एका दोन वर्षांच्या अभ्यासात आणि २००८ मध्ये कुवेतमधल्या शाळकरी मुलांवरच्या अभ्यासात बाँडिंग लावलेल्या आणि न लावलेल्या दाढांत ठळक फरक दिसला नाही. २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून आढावा घेतला गेला, तेव्हा मात्र कल बाँडिंगच्या बाजूने निघाला. वेगळं एचिंग करून मग बाँडिंग लावलं तर सीलंट जास्त टिकतं, असा त्याचा निष्कर्ष होता.

अमेरिकन डेंटल असोसिएशनने २००८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मधला मार्ग काढला होता. सीलंट जास्त टिकेल असं डॉक्टरांना वाटलं तर त्यांनी बाँडिंग एजंट वापरावा, प्रत्येक दाढेला तो हवाच असं नाही.

'ॲसिडची गरजच नाही' असं सांगितलं तर?

बाजारात 'सेल्फ-एच' प्रकारचे बाँडिंग एजंट मिळतात. यात एचिंग आणि बाँडिंग एकाच बाटलीत असतं. धुवायचं नाही, वाळवायचं नाही, वेळ वाचतो. चुळबुळ करणाऱ्या मुलासाठी हे आदर्शच वाटतं.

पण यातलं ॲसिड सौम्य असतं. न कोरलेल्या इनॅमलचा वरचा थर कठीण असतो आणि त्याला पुरेशी छिद्रं पाडायला ते कमी पडतं. म्हणून नुसत्या सेल्फ-एचवर बसवलेलं सीलंट तुलनेने लवकर निघतं. २०१६ च्या आढाव्यातही तेच दिसलं आणि २००८ च्या सूचनांमध्येही वेगळ्या एचिंगशिवाय हे वापरू नये असंच म्हटलं होतं. थोडक्यात, बाँडिंग एजंट एचिंगच्या जोडीला येतो, त्याची जागा घेत नाही.

मग प्रत्येक मुलाला बाँडिंग हवंच का?

नाही. दाढ पूर्ण बाहेर आली असेल, मूल शांत बसत असेल, कापसाचे बोळे, सक्शन किंवा रबर डॅम लावून दात नीट कोरडा राहत असेल, तर एचिंग आणि सीलंट एवढंच पुरतं. एक जादा पायरी म्हणजे जादा वेळ, आणि त्या वेळात पुन्हा लाळ यायची शक्यता.

बाँडिंगचा फायदा अडचणीच्या जागी जास्त होतो. अर्धवट आलेली दाढ, भरपूर लाळ येणारं मूल, गालाकडचा खड्डा, टाळूकडची खाच किंवा आधी एकदा निघून गेलेलं सीलंट, अशा ठिकाणी.

दात अजिबातच कोरडा राहत नसेल तर तिसरा पर्याय आहे. ग्लास आयनोमर नावाचं सिमेंट थोडा ओलावा सहन करतं आणि फ्लोराइड सोडतं. ते रेझिनपेक्षा लवकर निघतं. पण दाढ पूर्ण वर येईपर्यंतची सोय म्हणून डॉक्टर ते वापरतात.

सांगली-साताऱ्यात हा प्रश्न वेगळा का आहे?

शहरातल्या दवाखान्यात खुर्ची असते, सक्शन असतं, हवेचा झोत असतो, शेजारी मदतनीस असतो. पण जत, आटपाडी किंवा पाटण, माणच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत शिबिर लावलं तर मुलाला बाकावर झोपवावं लागतं, उजेड खिडकीचा नाहीतर टॉर्चचा आणि लाळ आवरायला फक्त कापूस. जिथे लाळ आवरणं सगळ्यात कठीण, तिथली मुलंच दवाखान्यापासून सगळ्यात लांब असतात. त्यामुळे सीलंट किती टिकतं हा प्रश्न इथे जास्त महत्त्वाचा ठरतो. निघालेलं सीलंट पुन्हा लावायला ते मूल लवकर परत येईलच, याची खात्री नसते.

सरकारी पातळीवर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघरमधून त्याची सुरुवात झाली. यातली पथकं शाळांमध्ये जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि तपासणीच्या यादीत दातांचे आजारही आहेत. पण या पथकात आयुष डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट असतात. ते कीड ओळखून पुढे पाठवतात. दाढेवर सीलंट लावायला मुलाला दातांच्या डॉक्टरांकडेच न्यावं लागतं.

या भागाची जमेची बाजू म्हणजे डेंटल कॉलेजं. सांगलीत भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज आहे आणि कराडजवळ मलकापूरला कृष्णा विद्यापीठाचं दंतविज्ञान महाविद्यालय आहे. डेंटल कॉलेजांमध्ये लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो आणि शुल्क खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी असतं. वेळ मात्र जास्त लागतो, कारण विद्यार्थी डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात.

सीलंट निघालं तर पैसे वाया गेले का?

नाही. अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध अभ्यासात मुलांच्या दाढांवर एकदाच सीलंट लावून १५ वर्षांनी तपासणी केली गेली. तेव्हा साधारण २८ टक्के दाढांवर ते पूर्ण टिकलं होतं आणि ३५ टक्के दाढांवर थोडंफार शिल्लक होतं. बाकीच्यांवरून निघून गेलं होतं. तरीही सीलंट लावलेल्या गटात किडलेल्या किंवा सिमेंट भरलेल्या पृष्ठभागांचं प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास होतं, तर कधीच न लावलेल्या गटात ते ८३ टक्क्यांच्या घरात होतं.

आणखी एक भीती असते की सीलंट अर्धवट निघालं तर त्याखाली अन्न अडकून कीड वाढेल. २००९ मध्ये याचाही आढावा घेतला गेला. सीलंट निघालेल्या दाढेला कीड लागण्याचा धोका, कधीच सीलंट न लावलेल्या दाढेपेक्षा जास्त नसतो, असं त्यातून दिसलं. म्हणजे संरक्षण संपतं, पण नुकसान होत नाही. पुन्हा लावलं की संरक्षण पुन्हा सुरू होतं.

पालकांची खरी चूक सीलंट निघण्यात नसते, तर ते निघालं आहे हे न बघण्यात असते. पांढरं सीलंट घरीसुद्धा मोबाइलच्या टॉर्चमध्ये दिसतं. पारदर्शक असेल तर मात्र डॉक्टरांनाच दाखवावं लागतं.

डॉक्टरांना काय विचारायचं?

• मुलाची सहाव्या वर्षीची दाढ पूर्ण बाहेर आली आहे का? सीलंट आत्ता लावायचं की थोडं थांबायचं?

• दात कोरडा ठेवायला काय वापरणार? कापूस, सक्शन की रबर डॅम?

• या दाढेला बाँडिंग एजंटची गरज आहे का? लावणार असाल तर आधी वेगळं एचिंग करणार ना?

• गालाकडचा खड्डा आणि टाळूकडची खाचही बुजवणार का?

• पुन्हा दाखवायला कधी यायचं? साधारण दर सहा महिन्यांनी तपासणी केलेली बरी.

हे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही. उलट त्यामुळे डॉक्टरांनाही कळतं की पालक पुढच्या तपासणीला नक्की येणार आहेत.

सीलंट खाचा बुजवतं, दोन दातांमधली फट नाही. तिथली कीड रोखायला फ्लोराइडची टूथपेस्ट, रात्री झोपण्याआधीचं ब्रशिंग आणि दिवसभर येता-जाता गोड खाण्यावर लगाम, हे लागतंच. आणि बाराव्या वर्षाच्या सुमाराला त्याच रांगेत आणखी मागे दुसरी कायमची दाढ येते. तीही अशीच गुपचूप येते. त्या वेळी मूल सहावी-सातवीत असतं, आईबापांसमोर तोंड उघडायला तयार नसतं. म्हणून बाराव्या वाढदिवसाच्या आसपास एकदा दवाखान्यात नेऊन मागच्या दाढा दाखवून आणा.